गळाची खोली आणि माशाचा आकार : पंचगंगेच्या काठावर स्वतः मोजून पाहण्याची पद्धत

पंचगंगेच्या कोणत्याही बंधाऱ्यावर गळ घेऊन बसले की शेजारचा अनुभवी माणूस एक सल्ला हमखास देतो : "जरा खोलात सोडा, मोठा लागेल." हा सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धवट आहे. किती खोलात, कोणत्या माशासाठी, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, याचे उत्तर त्यात नसते. मी स्वतः बरीच वर्षे हा सल्ला जसाच्या तसा पाळला आणि उन्हाळ्यातल्या अनेक दुपारी तळाशी गेलेले आमिष तसेच्या तसे वर काढले. नंतर वही घेऊन खोली मोजायला आणि लिहायला सुरुवात केली, तेव्हा लक्षात आले की आपल्या गोड्या पाण्यात खोली आधी माशाची जात निवडते आणि आकाराचा प्रश्न त्यानंतर येतो. पुढे दिलेली पद्धत त्याच नोंदींतून घडली आहे. एक काठी, थोडे शिसे आणि एक वही एवढ्या साहित्यावर ती कोणालाही वापरता येते.

"मोठा मासा खोलात" या समजुतीला शास्त्रीय आधार आहे, पण तो मुख्यतः समुद्रातला आहे. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश हाइन्के यांनी १९१३ साली उत्तर समुद्रातील प्लेस या चपट्या माशाबद्दल असे मांडले की पिल्ले किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतात आणि मासा जसजसा वाढतो तसतसा तो खोल पाण्याकडे सरकतो. पुढे इतर अनेक समुद्री माशांतही असेच चित्र दिसले. मात्र त्यातला काही भाग मासेमारीनेच तयार केलेला असू शकतो, असा आक्षेपही अभ्यासकांनी घेतला आहे. जिथे माणसाचे जाळे सहज पोहोचते, त्या उथळ पाण्यातले मोठे मासे आधी संपतात आणि जे उरतात ते खोलातले, असा त्या आक्षेपाचा रोख आहे. नदीकाठच्या नेहमीच्या बैठकीच्या जागांना हा आक्षेप किती लागू पडतो, हे ज्याने पायवाट संपते त्याच्या पुढे जाऊन गळ टाकला आहे त्याला सांगावे लागणार नाही.

आधी जात, मग आकार

आपल्याकडच्या तलावांत आणि नदीत प्रामुख्याने भेटणाऱ्या माशांची तोंडे नीट पाहिली तर खोलीचा निम्मा हिशोब तिथेच लागतो. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात राहून सूक्ष्म प्राणीजीव गाळून खातो. रोहूचे तोंड किंचित खाली झुकलेले आणि ओठ झालरीसारखे असतात, आणि तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड त्याहून खाली असते आणि तो तळाच्या गाळातले कुजके सेंद्रिय पदार्थ वेचतो. मत्स्यशेतीत हे तीन मासे एकाच तळ्यात सोडतात ते याच कारणाने, कारण त्यांची ताटे तीन वेगवेगळ्या मजल्यांवर मांडलेली असतात. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो. गवत्या (ग्रास कार्प) वनस्पतींच्या मागे काठाशी येतो. वाम आणि शिंगाडा तळाच्या दगडांत व कपारीत दिवस काढतात आणि अंधार पडल्यावर बाहेर निघतात.

आता यातला कटला पाहा. आपल्या पाण्यातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या आणि सर्वांत वजनदार होणाऱ्या माशांत त्याची गणना होते, आणि तो राहतो वरच्या थरात. म्हणजे पंधरा फूट पाण्यात तळाशी गळ सोडून बसलेल्या माणसाला अर्ध्या किलोचा मृगळ मिळावा आणि तीन फुटांवर आमिष ठेवलेल्या शेजाऱ्याला चार किलोचा कटला लागावा, हे अगदी शक्य आहे. मरळीची गोष्ट याच्याही पुढची आहे. ती हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे केंदाळाच्या कडेला दोन फूट पाण्यातही चांगली मोठी मरळ असते. पिल्लांचा लालसर पुंजका घेऊन फिरणारी मरळ दिसली तर मात्र तिच्यासमोर गळ टाकू नये. राखणदार पालक गेला की तो पुंजका इतर मासे थोड्याच वेळात संपवतात.

म्हणून "खोली वाढवली की आकार वाढतो का?" हा प्रश्न एका वेळी एकाच जातीबद्दल विचारावा. रोहूपुरता विचारला तर उत्तर बहुतेक वेळा "हो, एका मर्यादेपर्यंत" असे येते. लहान रोहू काठाच्या उथळ, उबदार आणि वनस्पतींच्या आडोशाच्या पाण्यात राहतो, कारण तिथे खाणे भरपूर असते आणि त्याला गिळू शकणारा मोठा मासा तिथे सहसा शिरत नाही. मोठ्या रोहूला ती भीती उरलेली नसते. उलट उथळ पाण्यात त्याला बगळा, घार आणि माणूस यांचा धोका जास्त असतो.

पाण्याची खोली मोजणे

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि नंतरचे सगळे अंदाज त्यामुळे फसतात. आजही खेड्यात विहिरीचे पाणी परसात सांगतात, पण गळासाठी परस हे माणसाच्या उंचीएवढे माप फार ढोबळ आहे. इथे फूट आणि शेवटी इंच लागतात.

काठीवर बुंध्यापासून दर फुटाला रंगाची बारीक खूण करावी. तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोऱ्याला, तरंगा लावावा आणि गळाच्या टोकाला तरंग्याला पेलणार नाही एवढे जड शिसे अडकवावे. मग ज्या जागी बसायचे तिथे ते सोडावे. तरंगा पाण्याखाली ओढला गेला तर पाणी लावलेल्या मापापेक्षा खोल आहे, म्हणून तरंगा वर सरकवावा. तरंगा आडवा पडला तर पाणी उथळ आहे, म्हणून तो खाली घ्यावा. तरंग्याचे फक्त टोक पाण्याबाहेर उभे राहिले की तरंग्यापासून गळापर्यंतचे अंतर म्हणजे त्या जागेची खोली. ते काठीवरच्या खुणांना लावून वहीत लिहावे. शिसे वर आल्यावर त्याला काय चिकटले आहे तेही पाहावे. काळा, वास मारणारा गाळ असेल तर तळाशी प्राणवायू कमी आहे असे समजावे. वाळू किंवा स्वच्छ दगड लागला तर ती जागा बसण्यालायक आहे.

एकाच ठिकाणी मोजून थांबू नये. काठापासून आत दहा, वीस, तीस फुटांवर मोजत गेले की तळाचा उतार डोळ्यांसमोर येतो. मोठा मासा डोहाच्या मध्यभागी, सर्वांत खोल जागी असतो, ही समजूत मला तरी खरी वाटत नाही. उतार जिथे एकदम तुटतो आणि चार फुटांचे पाणी दोन पावलांत नऊ फूट होते, त्या कडेला मासा खालून वर आणि वरून खाली ये-जा करतो. माझ्या वहीतले चांगले मासे बहुतेक अशाच कडांवरचे आहेत.

काठीच्या लांबीपेक्षा जास्त खोल पाण्यात पक्का बांधलेला तरंगा चालत नाही, कारण एवढी लांब तंगूस फेकताच येत नाही. तिथे सरकता तरंगा वापरावा. तंगुसावर हव्या त्या खोलीला दुसऱ्या दोऱ्याची घट्ट पण सरकवता येईल अशी गाठ मारावी, तिच्याखाली मणी ओवावा, मणीखाली भोकाचा तरंगा आणि मग शिसे व गळ. फेकताना तरंगा शिशापाशी असतो. पाण्यात पडल्यावर शिसे तंगूस खाली ओढत जाते आणि गाठ मण्याला येऊन अडली की आमिष नेमक्या खोलीवर थांबते.

वाहत्या पाण्यात एक फसवणूक होते. प्रवाहाने तंगूस तिरकी झाली की आमिष वर उचलले जाते. तरंग्याखाली दहा फूट तंगूस असेल आणि ती उभ्या रेषेपासून ३० अंश कलली तर आमिष साडेआठ फुटांच्या आसपास असते. ती ४५ अंश कलली तर आमिष जेमतेम सात फुटांवर येते. आपण वहीत "तळ" लिहितो आणि आमिष प्रत्यक्षात मधल्या थरात झुलत असते. अशा वेळी शिसे वाढवावे किंवा मुख्य धार सोडून आतल्या संथ पाण्यात बसावे.

तीन थर लावून पाहणे

पंधरा फूट पाणी असेल तर तीन खोल्या धराव्यात : वरचा थर तीन फुटांवर, मधला आठ फुटांवर आणि तिसरा तळापासून तीन ते सहा इंच वर. सुरुवातीला याहून जास्त बारकाई करण्यात अर्थ नाही. तीन काठ्या असतील तर तिन्हींवर एकाच नंबरचा गळ, एकाच जाडीची तंगूस आणि एकाच गोळ्यातले आमिष असावे. दर अर्ध्या तासाने काठ्यांच्या जागा बदलाव्यात. नाहीतर डावीकडच्या काठीला मासा लागला तो खोलीमुळे की तिथल्या बुडालेल्या झाडाच्या खोडामुळे, हे कधीच कळणार नाही. एकच काठी असेल तर दर अर्ध्या तासाने खोली बदलावी आणि तिन्ही खोल्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. रोज आधी उथळ आणि शेवटी खोल असा क्रम ठेवला तर संध्याकाळ झाल्यामुळे लागलेला मासा आपण खोलीच्या नावावर जमा करतो.

आमिषाचा आकार हा या प्रयोगातला सर्वांत मोठा घोटाळा आहे. वरच्या थरात चिलापी आणि बारीक मासे आमिष टोचून टोचून संपवतात. त्यामुळे माणूस वैतागून तळाशी मोठा गोळा लावतो, मोठा मासा मिळतो, आणि श्रेय खोलीला जाते. प्रत्यक्षात ते काम गोळ्याने केलेले असते, कारण लहान तोंडात मोठा गोळा जातच नाही. म्हणून निदान पहिल्या काही फेऱ्यांत गोळा आवळ्याएवढा असेल तर तिन्ही थरांत आवळ्याएवढाच ठेवावा. शेंगदाण्याची पेंड आणि कणीक समप्रमाणात, थोडा गूळ घालून घट्ट मळलेली, हे आपल्याकडे सहज मिळणारे आणि रोहू, मृगळ, सायप्रिनस या तिघांनाही चालणारे आमिष आहे. गांडुळाने वाम आणि शिंगाडा येतात, पण बारीक मासेही तितकेच येतात.

मासे जमवण्यासाठी पाण्यात चारा टाकण्याबाबतही असेच आहे. घट्ट पेंडीचा गोळा थेट तळाशी जातो आणि मधल्या थरातल्या माशालाही खाली बोलावतो. साधे चुरमुरे पाण्यावर तरंगतात आणि चिलापीची झुंड वर आणतात. चारा टाकून खोली तपासणे म्हणजे पंगत मांडून घरातली माणसे नेहमी कुठे बसतात ते पाहण्यासारखे आहे. प्रयोग चालू असेपर्यंत चारा टाकू नये.

थर कधी उलटतात

वर "एका मर्यादेपर्यंत" असे म्हटले, ती मर्यादा प्रामुख्याने प्राणवायू ठरवतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो आणि ३० अंशाला तो सुमारे साडेसातपर्यंत उतरतो. रोहू-कटल्यासारख्या माशांना वाढीसाठी तो ५ मिलिग्रॅमच्या वर असावा लागतो, आणि ३ च्या खाली गेला की मासा खाणे टाकतो. मार्च ते मे या काळात खोल, संथ जलाशयात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखे बसते. वारा फक्त वरचा थर घुसळतो. खालच्या थराला हवा मिळत नाही आणि तळाचा कुजणारा गाळ असलेला प्राणवायू संपवतो. अशा तळाशी सोडलेले आमिष दिवसभर शाबूत राहते, आणि माझ्या त्या रिकाम्या दुपारींचे कारण हेच होते.

वरच्या उबदार आणि खालच्या थंड पाण्याचा हा सांधा कुठे आहे ते घरच्या साधनांनी शोधता येते. बाटलीच्या तळाला दगड बांधावा, तोंडाला बूच लावावे, बुचाला वेगळी सुतळी बांधावी आणि फुटांच्या खुणा केलेल्या दोरीने बाटली खाली सोडावी. हव्या त्या खोलीवर बुचाची सुतळी झटक्याने ओढावी, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी, मग बाटली वर घेऊन लगेच साधा तापमापक बुडवावा. दर तीन फुटांवर असे माप घेत गेले आणि एखाद्या ठिकाणी तेवढ्याच अंतरात तापमान एक अंशाने किंवा त्याहून जास्त उतरले, तर सांधा तिथे आहे. उन्हाळ्यात आमिष त्या सांध्याच्या दोन-तीन फूट वर ठेवावे. मोठे मासे गारवा आणि प्राणवायू या दोहोंचा मेळ तिथेच साधतात. उथळ तलावात, जिथे पाणी आठ-दहा फुटांहून जास्त नाही, तिथे वारा तळापर्यंत घुसळतो आणि असा टिकाऊ सांधा सहसा बनत नाही. तिथे तळाचा गळ उन्हाळ्यातही चालू शकतो.

पंचगंगेत याखेरीज प्रदूषणाचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात पाणी कमी झाले आणि सांडपाणी तेवढेच येत राहिले की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, आणि कित्येकदा मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. असे मासे वर दिसतात म्हणून वरच्या थरात गळ टाकणे निरर्थक आहे. ते चरायला आलेले नसतात, श्वासासाठी आलेले असतात. त्या दिवसांत तिथला मासा खाऊही नये.

पाण्याचा गढूळपणाही मोजावा. पांढरा रंग दिलेली वीतभर व्यासाची ताटली दोरीने खाली सोडावी आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते लिहावे. इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली वापरात आणलेली ही युक्ती आजही जगभर चालते. ताटली पाच-सहा फुटांपर्यंत दिसत असेल तर मोठे मासे दिवसा वर येत नाहीत आणि खालचे थर आधी तपासावेत. ती फूटभरातच दिसेनाशी होत असेल तर तोच मासा भर दुपारी काठापासून चार फूट पाण्यात चरतो. रात्रीचा अंधारही असेच काम करतो. दिवसा डोहाच्या कडेला असलेला शिंगाडा रात्री गुडघाभर पाण्यात येतो, म्हणून दिवसाच्या आणि रात्रीच्या नोंदी कधीही एकत्र करू नयेत.

वही कशी लिहावी आणि कशी वाचावी

प्रत्येक माशामागे तारीख, वेळ, जागा, पाण्याची खोली, आमिषाची खोली, जात, लांबी आणि वजन एवढे लिहावे. ज्या अर्ध्या तासात काहीच लागले नाही तोही लिहावा. रिकामा वेळ न लिहिणाऱ्या माणसाची वही त्याला नेहमी खूश ठेवते आणि कधीच काही शिकवत नाही. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत घ्यावी, कारण शेपटीची टोके बऱ्याचदा तुटलेली असतात. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते, त्यामुळे एकाच जातीत १२ इंची माशापेक्षा १५ इंची मासा वजनाने जवळजवळ दुप्पट भरतो.

वही वाचताना सर्वांत मोठ्या माशाकडे पाहू नये. समजा, वरच्या थरात वीस मासे लागले, त्यातले एकोणीस २०० ग्रॅमचे आणि एक ३ किलोचा. तळाशी पाचच लागले, पण पाचही ४०० ग्रॅमचे. आठवणीत तो तीन किलोचा मासा राहतो आणि "वर मोठे लागतात" असा निष्कर्ष निघतो. वरची सरासरी काढली तर ती ३४० ग्रॅम येते आणि तीही त्या एका माशाने फुगवलेली आहे. मासे आकाराने ओळीत लावून मधला घेतला तर वर २०० आणि तळाशी ४०० हे खरे चित्र दिसते. शिवाय वीस वेळा चिठ्ठी काढणाऱ्याला मोठी चिठ्ठी निघण्याची संधी पाच वेळा काढणाऱ्यापेक्षा जास्तच असते. म्हणून एका जातीचे प्रत्येक थरात निदान दहा-पंधरा मासे होईपर्यंत निर्णय करू नये. याला एक हंगाम जातो, आणि तो द्यावाच लागतो.

निकाल आल्यावर काय करायचे, हे आपल्याला काय हवे यावर ठरते. घरी कालवणापुरते मासे हवे असतील तर तासाला जास्त मासे देणारा थर निवडावा. तो बहुधा उथळ किंवा मधला निघेल. एखादाच पण मोठा हवा असेल तर कमी मासे देणारा खोल थर घेऊन तिथे गोळा मोठा करावा, गळ मोठ्या नंबरचा लावावा आणि बसायची तयारी ठेवावी. इथे दुकानातला गोंधळ लक्षात ठेवावा : ८ नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान असतो, आणि १/० पासून पुढे मात्र आकडा वाढेल तसा गळ वाढतो.

बसण्याआधी तलावाचा मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्यावी. राधानगरीचा लक्ष्मी तलाव अभयारण्याच्या हद्दीत येतो, तेव्हा तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय गळ काढूच नये. शिरोळकडे कृष्णाकाठी मगरी असतात, म्हणून उथळ थर तपासायचा म्हणून पाण्यात पाय सोडून बसू नये. कार्बनची काठी असेल तर शेतीपंपाच्या लोंबत्या तारांखाली ती उभी करू नये. पावसाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, अंड्यांनी भरलेल्या माद्या पुराच्या पाण्याबरोबर काठाकडे येतात आणि तेव्हा उथळ पाण्यातही मोठे मासे सहज लागतात. त्या दिवसांत गळ बंद ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नदीवरच्या नोंदींची मुदत बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या, ठरवतात. पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घातले की वरच्या बाजूला पाणी साठून संथ आणि खोल होते. पावसाळ्याआधी बरगे काढले की तीच जागा वाहती आणि उथळ होते, आणि पुढचा पूर तळाचा गाळ व वाळू उचलून दुसरीकडे नेतो. गेल्या वर्षी नऊ फुटांवर तुटणारी कड या वर्षी सहा फुटांवर असू शकते किंवा पूर्ण बुजलेलीही असू शकते. म्हणून बरगे घातले आणि पाणी निवळले की वहीचे नवे पान उघडावे, आमिष न लावता फक्त शिसे घेऊन एक सकाळ काठावर घालवावी आणि दहा, वीस, तीस फुटांवरची खोली पुन्हा पहिल्यापासून लिहून काढावी.